राखणदाराच्या भावाचं नाव इथून कुठे नोंदवता येईल का?

पावसची बागवाली:

पावसजवळ आमची कलमांची बाग आहे, साडेतीनशे झाडं. सासरे गेल्यापासून मीच बघते. अठरा वर्षं राखणीला एकच नेपाळी माणूस येतो. तिहार, म्हणजे आपली दिवाळी, गावी करून येतो आणि पाऊस लागायच्या आत परत जातो. मला दिदी म्हणतो. त्याचं नाव इथे देत नाही, कारण ते द्यायला मी त्याला विचारलेलं नाही.

इतक्या वर्षांत त्याच्या तीन गोष्टींचा मला राग यायचा. वानर आले की सगळे बागायतदार सुतळी बॉम्ब लावतात, हा लावत नाही. पत्र्याचा डबा बडवत बागभर धावतो. खोपी बांधून दिली तरी आत झोपत नाही, गडग्याला लागून झाडाखाली पडतो. आणि वाशीला माल न्यायला रात्री ट्रक आला, दिवे वर चढावाकडे दिसले, की हा गायब. अर्ध्या तासाने कुठून तरी येतो. पेट्या भरायच्या ऐन वेळी पळतो म्हणून एकदा मी त्याला चार माणसांत खूप बोलले होते. ते आठवलं की आता घास उतरत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचा आला होता. वानर बघून त्याने खोपीमागे बॉम्ब लावला. आवाज झाला आणि हा माणूस पालथा पडला. दोन्ही हात मानेमागे, कपाळ मातीत. मी हाका मारल्या तरी उठेना. भाचा रडायला लागला.

त्या रात्री पडवीत चहा घेताना तो पहिल्यांदा बोलला. गाव बर्दिया जिल्ह्यात, जात थारू. 'अठ्ठावन साल, चैत' असं तो म्हणतो, म्हणजे विक्रम संवत २०५८ चा चैत्र. आपल्या हिशेबात २००२ चा मार्च-एप्रिल. आदल्या रात्री माओवाद्यांची दहा-बारा पोरं त्यांच्या घरी जेवून गेली. दुसऱ्या रात्री सैन्याची गाडी आली. मोठ्या भावाचे, एकोणीस वर्षांच्या पोराचे, हात त्याच्याच गमछाने बांधले आणि नेला. हा गव्हाच्या शेतात आडवा पडून बघत होता. "दिदी, उन्होंने बंदूक दिखाके भात माँगा। इन्होंने बंदूक दिखाके पूछा, भात क्यों दिया।" एवढंच म्हणाला आणि कप धुवायला गेला.

पुढच्या महिन्यात माओवादी परत आले, घरटी एक माणूस द्या म्हणून. घरात हाच उरला होता. आईने बकरी विकून पैसे दिले. नेपाळगंजवरून रुपैडिहाला आला, तिथून लखनौ, मुंबई, रत्नागिरी. आधी काही वर्षं मिरकरवाड्यात बोटीवर होता, मग आमच्याकडे आला.

आई अजून आहे, ऐंशीच्या घरात. दरवर्षी त्याला एकच विचारते: काही कळलं का? इथे बसून त्याला भावाची तक्रार नोंदवता येईल का? आणि दुसरं, मी त्याच्याशी यावर बोलावं की गप्प राहावं?

देवगडचा बागायतदार:

ताई, वाईट वाटलं वाचून. पण सगळ्यांना याच नजरेने बघू नका. माझ्याकडे सात जण आहेत आणि सगळे पोटासाठी आलेत. गावात काम नाही, इथे हंगामाला रोख पैसे मिळतात, म्हणून येतात. लढाई संपून वीस वर्षं होत आली.

सर्जेकोटचो ट्रॉलरवालो:

मालवणीत लिवतंय. माझ्या ट्रॉलरार धा वर्सां नेपाळी खलाशी आसत. जाळा ओढूक एक नंबर. पण रातीक गस्तीची बोट लायट मारून जवळ इली की त्येतले दोघे खाली खणात जावन बसतत. माका वाटा, कागद नसतले म्हणान भियेतत. कागद तर खिशात आसत! आज ह्यां वाचलंय आणि जीव खालवर झालो. तेंका इचारूचा की नाय, ताच कळना नाय.

नेपाळगंजात तीन वर्षं:

मी मूळची रत्नागिरीची. कामानिमित्त नेपाळगंजला राहिले, बर्दियात जाणं-येणं होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

देवगडच्या दादांना आधी सांगते: पोटासाठी येणं आणि जिवासाठी पळणं हे त्या भागात वेगळं काढता येत नाही. माओवाद्यांचं युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालं, शांतता करार २१ नोव्हेंबर २००६ ला झाला. सुमारे सतरा हजार माणसं मेली असं तिथल्या सरकारचा आकडा सांगतो. तरणी पोरं गावातून निघून गेली तेव्हा शेती पडली. पश्चिमेकडच्या डोंगरात बाईने नांगर धरायचा नाही अशी रीत होती, पण पुरुषच उरले नाहीत म्हणून बायांनी नांगर धरला. शेत पडीक, कर्ज वाढलेलं, घराला कुलूप. त्यानंतर जो पोरगा मुंबईला आला तो पोटासाठी आला की युद्धामुळे? तुम्हीच सांगा.

बर्दियाचं दुखणं आणखी जुनं आहे. तिथले थारू पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे कमैया, म्हणजे वेठबिगार. जुलै २००० मध्ये सरकारने ते बंद केलं, पण जमीन बहुतेकांच्या हाती आली नाही. माओवादी जमिनीची भाषा बोलत होते, त्यामुळे थारू दिसला की तो त्यांचाच असा संशय. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागून सैन्य उतरलं आणि पुढच्या वर्षभरात माणसं उचलली गेली. देशात सगळ्यात जास्त बेपत्ता याच जिल्ह्यात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने डिसेंबर २००८ च्या अहवालात एकट्या बर्दियातल्या दोनशेहून जास्त प्रकरणांच्या तक्रारी आल्याचं म्हटलं, बहुतेक थारूंच्या. माओवाद्यांनी नेलेलेही त्यात आहेत, पण सरकारी दलांनी नेलेले कितीतरी जास्त.

एक शब्द सांगते. आपण म्हणतो 'बेपत्ता झाला'. नेपाळीत या लोकांना 'बेपत्ता पारिएका' म्हणतात, म्हणजे ज्यांना बेपत्ता केलं गेलं. त्यांच्या आया हे 'पारिएका' सोडू देत नाहीत. आपला मुलगा हरवला नाही, त्याला नेलं, हे त्यांना प्रत्येक वेळी म्हणायचं असतं.

तुमच्या राखणदारासारखे लोक कुठल्याच यादीत येत नाहीत. देशातल्या देशात हलले असते तर विस्थापित म्हणून नोंद होऊ शकली असती, नेपाळने २००७ मध्ये त्यासाठी धोरणही केलं. हे सीमा ओलांडून आले. १९५० च्या करारामुळे ये-जा मोकळी, कोणी कागद विचारत नाही. त्यांचा जीव त्यामुळेच वाचला, आणि नोंद राहिली नाही तीही त्यामुळेच. भारताने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, म्हणजे इथेही ते फक्त मजूर.

आता तक्रारीचं. बेपत्ता केलेल्यांसाठी नेपाळमध्ये २०१५ मध्ये स्वतंत्र आयोग नेमला गेला. २०१६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्थानिक शांतता समित्यांमार्फत अर्ज घेतले, तीन हजारांहून जास्त आले. आयोगाचं काम फार रखडलंय, खोटी आशा देऊ नका. पण आधी घरच्यांनी तेव्हा अर्ज दिला होता का ते विचारा. शिवाय रेड क्रॉसची तेराशेहून जास्त नावांची यादी आहे, त्यात नाव आहे का बघा. अर्ज दिला असेल तर पावती असेल. ती जपून ठेवायला सांगा.

हर्णैची:

मला नेपाळचं काही माहीत नाही. माझा भाऊ फयानच्या वादळात गेला, नोव्हेंबर २००९. बोटही मिळाली नाही, तोही नाही.

मृत्यूच्या कागदासाठी सात वर्षं थांबा म्हणाले. सात वर्षं वहिनी कोण होती, सांगा? कुंकू लावलं तर बाया बघायच्या, नाही लावलं तर आई रडायची. खात्यातले पैसे अडकले, घरपट्टी त्याच्या नावाने येत राहिली. कागद मिळाला तरी आई सर्वपित्रीला त्याचं पान वाढू देत नव्हती. तिथी कुठली धरायची, म्हणायची, तो परत आला तर काय म्हणेल?

तुम्ही विचारलंय बोलावं की नाही. आम्हाला जो येई तो विचारायचा, बोट कुठे बुडाली, किती जण होते, शेवटचा फोन कधी आला. आई उठून आत जायची. एकदा शेजारची आत्ते येऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्या झिलाला काय गं आवडायचं खायला?" आई तासभर बोलली. चुलीत भाजलेला सुका बांगडा, वर कच्चा कांदा. त्या नेपाळी दादाला भाऊ कसा होता ते विचारा. गाडीचं नका विचारू.

पावसची बागवाली:

सगळ्यांचे आभार. हर्णैच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

काल संध्याकाळी विचारलं. तो हसला, खरंच हसला. भातखाचरात घोंघी, म्हणजे गोगलगायी, गोळा करण्यात भावाचा हात कोणी धरत नसे. आई त्या जवसाच्या वाटणात शिजवायची आणि सगळे टरफलाला तोंड लावून ओढून खायचे. मी म्हटलं, आम्ही खाडीत मुळे काढतो तसंच. मग भाऊ पोहायचा कसा, कोणाच्या पेरूवर चढायचा, सगळं आलं. दिवे लावायची वेळ टळून गेली.

मग त्याने बायकोला फोन लावला आणि मी पावतीबद्दल विचारायला लावलं. आहे! आईने २०१६ च्या वैशाखात अंगठा देऊन अर्ज दिला होता, कागद तांदळाच्या कणगीत ठेवलाय. याला नीट कोणी सांगितलंच नाही. सांगणार कधी? वैशाखात तो इथे आमचे आंबे उतरवत होता.

अर्जाला फोटो जोडलेला नाही. घरात एकच आहे, नागरिकतेच्या दाखल्यावरचा, आणि त्याचा गालाचा भाग ओलीने खाल्लाय. त्याच्या बायकोने मोबाइलवर काढून पाठवलाय. सोमवारी याला घेऊन रत्नागिरीला येते. जुना फोटो नीट करून देणारा चांगला स्टुडिओ कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा. पैशाचा प्रश्न नाही. चेहरा मात्र बदलायला नको.

आणि बागेत यंदापासून बॉम्ब बंद. आणखी चार पत्र्याचे डबे आणलेत.