सोसायटीच्या गच्चीवर सोलर: सल्ला हवा (ठाणे, बजेट साडेचार लाख)

वर्तकनगरी: आमची चार मजली जुनी सोसायटी, वीस बिऱ्हाडं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महावितरणचं बिल महिन्याला सतरा-अठरा हजार. १० किलोवॅट बसवावं म्हणतोय. साडेचार लाखांच्या वर दमडी नाही. लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल का?

नेरूळ_रोहाऊस: बजेट सोडा हो. मी ५ किलोवॅट आणि लिथियम बॅटरी घेतली, सहा लाख गेले. मागच्या महिन्यात अख्खी गल्ली अंधारात आणि आमचा एसी सुरू! शेजारी मोबाइल चार्ज करायला आले होते. बॅटरीच घ्या.

घोडबंदर_त्रस्त: आधी वॉटरप्रूफिंग! आमच्या कंत्राटदाराने स्लॅबला भोकं पाडली, पहिल्याच पावसात सातव्या मजल्यावर बादल्या. आता फोन उचलत नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करायला सांगा.

मीटर_मामा: केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ७८,००० ची जाहिरात घरगुती मीटरची, तिला भुलू नका. अनुदान मागाहून येतं, आधी सगळे पैसे तुम्हीच भरायचे. वेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा, पॅनेल डीसीआरचेच, म्हणजे भारतात बनलेले. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा धरा, आणि टाकीची सावली डिसेंबरात बघा, मे महिन्यात नाही. लिफ्टचं म्हणाल तर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं सोलर, लाइट गेली की आपोआप बंद पडतं. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल.

चंद्रपूरची_राख: म्हणजे गच्ची तुमची आणि बटण दुसऱ्याच्या हातात? आमच्या विदर्भाचं तेच तर आहे. २,९२० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आमच्याकडे, धूर आम्ही गिळायचा अन् उजेड ठाण्याला! विदर्भाला न्याय्य वाट्याचं वचन देणारा १९५३ चा नागपूर करार कुठे गेला? वेगळं राज्य होऊ द्या, मग दर आम्ही ठरवू.

मीटर_मामा: दर वीज नियामक आयोग ठरवतो. आणि वेगळे झालात तरी वीज विकायला ठाणंच लागेल.

लेक_एडिंबरात: स्कॉटलंडलाही हेच ऐकून आले. २०२० मध्ये तिथल्या एकूण वापराच्या सुमारे ९७ टक्के इतकी वीज अक्षय स्रोतांतून झाली. पण ऊर्जाधोरण लंडनच्या हातात. एडिंबरातल्या स्कॉटिश सरकारकडे बांधकाम परवानगीचे अधिकार, तेवढ्यावर त्यांनी नवी अणुभट्टी अडवून धरलीय. वारा जोरात सुटला की इंग्लंडकडे जाणाऱ्या तारा पुरत नाहीत, मग पवनचक्क्या थांबवायचे पैसे देतात! लेकीची घरमालकीण म्हणते, वारा आमचा आणि बिलही आम्हालाच. तरी स्वतंत्र व्हायचं का, या २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले.

चंद्रपूरची_राख: आम्हाला तर कुणी विचारलंही नाही.

घोडबंदर_त्रस्त: स्कॉटलंडात गच्च्या गळतात का?

खारघर_सेक्टर१२: वॉटरप्रूफिंग आधी करा. वर कुणी लिहिलंय का माहीत नाही, सगळं वाचलं नाही.

वर्तकनगरी: सभा झाली. अकरा विरुद्ध सहा: पॅनेल लगेच, वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी. अनुदान हातचं जायला नको, असं चेअरमन म्हणाले. ठोकळ्यांचं वजन जुन्या स्लॅबला नको म्हणून भोकंच पाडणार. सहा लाख वीस हजारांचं कोटेशन आहे, अनुदान येईपर्यंत चार सभासद उसने देतायत. मी विरोधात मत दिलं होतं.

नेरूळ_रोहाऊस: बॅटरी घेतली ना?