डिझेल इंडिकावर सीएनजी किट बसवता येईल काय?

कृष्णाकाठ (सांगली):
वडिलांची 2004 सालची टाटाची डिझेल इंडिका गाडी अजून चांगल्या स्थितीत आहे. पुनर्नोंदणीही झालेली आहे. सांगली ते तासगाव रोजचे जाणे-येणे असल्याने सीएनजीचा विचार मनात आला. आमच्या गॅरेजमधील मेस्त्रींचे म्हणणे असे, की डिझेल आणि पेट्रोल इंडिकाचे इंजिन मुळात एकच असल्यामुळे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) बदलले की गॅसवर गाडी चालेल. हे कितपत खरे आहे?

जुना पाना (कराड):
मेस्त्रींनी सांगितलेले निम्मे बरोबर आहे. 1998 च्या डिसेंबरमध्ये इंडिका आली तेव्हा दोन्ही इंजिने एकाच आखणीतून निघालेली होती. ‘475’ या नावातला 4 म्हणजे सिलिंडरची संख्या आणि 75 म्हणजे मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 79.5 मिलिमीटर, म्हणून दोन्हींची क्षमता 1405 सीसी. पुढे झेटा या पेट्रोल इंडिकासाठी बोअर तोच ठेवून स्ट्रोक कमी केला, तेव्हा 1193 सीसीचे पेट्रोल इंजिन तयार झाले आणि एलपीजी व सीएनजीच्या गाड्या त्याच इंजिनावर निघाल्या.

आता उरलेले निम्मे. तुमच्या डिझेल इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते, म्हणून तिथे ठिणगीचा प्लग लागत नाही. थंडीत सुरू करताना तापणारा हीटर प्लग असतो, तो ठिणगी देत नाही. डिझेल सुमारे सव्वादोनशे अंश सेल्सिअसला आपोआप पेटते, तर सीएनजीतल्या मिथेनला पाचशेच्या वर तापमान लागते. त्यामुळे गॅसला ठिणगी द्यावीच लागते आणि दाबही पेट्रोल इंजिनाइतका, म्हणजे नऊ-दहा पटीच्या आसपास, आणावा लागतो. सीएनजी पेट्रोलपेक्षा थोडा अधिक दाब सहज सोसतो, पण वीस पट नव्हे. म्हणजे हेडबरोबर पिस्टन, इग्निशन, सेन्सर, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) हे सारे बदलणे आले. डिझेलचा पंप आणि नोझल भंगारात. एवढा खर्च केल्यावर जुना राहील तो ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा). मी स्वतः हा उद्योग कधीही करणार नाही.

मिरज जंक्शन:
कागदपत्रांचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करताना मान्यताप्राप्त किट लागते आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. परस्पर काम उरकले, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी.

कृष्णाकाठ:
मनःपूर्वक आभार. मग एखादी जुनी 1193 सीसीची सीएनजी गाडी पाहावी काय?

जुना पाना (कराड):
पाहण्यास हरकत नाही. मात्र टाकीवरील चाचणीची तारीख वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये, कारण टाकीत 200 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट) दाबाने गॅस भरलेला असतो आणि दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) बंधनकारक आहे. 60 लिटरच्या टाकीत नऊ-दहा किलो गॅस मावतो, म्हणून डिकीत सामान ठेवण्याची आशा सोडावी. गॅसवर पिकअप साधारण दहा टक्के कमी वाटतो, कारण गॅस आत शिरताना तेवढ्या हवेची जागा अडवतो. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला जो गारवा देतात तो कोरड्या गॅसकडून मिळत नाही, तेव्हा व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजली आहे का हे कळण्यासाठी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) इंजिन गरम असताना मोजून घ्यावे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला, तर हेडचे काम किमतीतून वजा करूनच पुढे बोलावे.

वडिलांची गाडी मात्र डिझेलवरच ठेवा.