लेकीला सोशिऑलॉजी करायचंय, तेही आधी कम्युनिटी कॉलेजातून... कुणी केलंय का?

सनीव्हेलची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. लेक यंदा हायस्कूल सीनियर. तिला सोशिऑलॉजी करायचंय. इथवर ठीक, म्हणजे ठीक नव्हतं पण आता पचलंय (मला, तिच्या बाबांना अजून नाही). आता म्हणते दोन वर्षं डी अँझाला (इथलं दोन वर्षांचं, कमी फीचं कम्युनिटी कॉलेज) जाते आणि मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसला, ट्रान्स्फर घेते. नोव्हेंबरात यूसीचे फॉर्म भरलेत तिने, पण म्हणते अ‍ॅडमिशन मिळाली तरी जाणार नाही, कारण राहून-खाऊन वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर जातात आणि पहिली दोन वर्षं बरेचसे जीईचेच (जनरल एज्युकेशन, सगळ्यांना सक्तीचे) कोर्स असतात, ते घरी राहून का करू नयेत. हिशोब बरोबरच आहे हो, मलाही कळतंय. पण परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने विचारलं, लेक कुठे जाणार, तर मी चक्क "अजून ठरतंय" म्हणून तिळाच्या वड्यांवर विषय नेला, आणि घरी आल्यावर माझंच मला कसंतरी झालं.

तर हा रस्ता सोशिऑलॉजीला खरंच चालतो का की पोर दोन वर्षांनी मधेच लटकते? आणि डिग्रीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, ऐकीव माहिती आमच्याकडे भरपूर आहे.

उशिरा_उगवलेला

मी केलंय. डी अँझा नाही, दुसरं एक कॉलेज, तिथून यूसी सांताक्रूझ, सोशिऑलॉजीच. डिग्रीवर फक्त यूसीचं नाव येतं, त्यामुळे ते टेन्शन सोडा.

पैशाचं तिचं बरोबर आहे. डी अँझाला क्वार्टर सिस्टीम आहे (सेमिस्टरऐवजी छोट्या टर्म), कॅलिफोर्निया रेसिडेंटला युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ३१ डॉलर, ट्रान्स्फरला ९० क्वार्टर युनिट्स लागतात, म्हणजे दोन वर्षांचे २,७९० डॉलर अधिक पुस्तकं आणि किरकोळ फिया. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या फुल-टाइम मुलांना तेवढेही बऱ्याच ठिकाणी माफ होतात, प्रॉमिस म्हणून प्रोग्रॅम असतो, तो विचारा.

आता माझी चूक सांगतो, ती तिने करू नये. पहिल्या वर्षी मी आवडेल ते घेत गेलो, अँथ्रो, फिल्म, दोनदोन सायकॉलॉजी, आणि कौन्सेलरला विचारलं की म्हणायचे "हो हो ट्रान्स्फर होतात". होतात ना, झाले पण! फक्त इलेक्टिव्ह म्हणून. "कोर्स ट्रान्स्फर होतो" आणि "कोर्स मेजरला (मुख्य विषयाला) धरला जातो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, हो, दोनाची तीन वर्षं झाली माझी. ते सगळं असिस्ट डॉट ऑर्गवर असतं, आपलं कॉलेज टाकायचं, हवी ती यूसी टाकायची, मेजर टाकायचं, की इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते समोर येतं. प्रत्येक कॅम्पसचं मागणं वेगळं असतं, म्हणून एकच नाही, चार-पाच कॅम्पसची पानं शेजारीशेजारी ठेवून बघायची. जीईसाठी आता कॅल-गेटसी म्हणून ११ कोर्सेसचा एक पॅटर्न आहे, त्यात स्पीचचाही एक कोर्स येतो, लाजाळू मुलं तोच शेवटपर्यंत लांबवतात.

आणि स्टॅटिस्टिक्स!! सोशिऑलॉजी घेणारी निम्मी मुलं गणितापासून पळून आलेली असतात आणि इथे तेच दारात उभं असतं. मी समरमध्ये केलं, दिवसा नोकरी आणि रात्री स्टँडर्ड डेव्हिएशन, शत्रूवर येऊ नये ती वेळ. तिला पहिल्याच वर्षी उरकून टाकायला सांगा.

खडूस_कोडर

रस्ता चालेल हो, पण जायचंय कुठे? सोशिऑलॉजी करून करणार काय? राग मानू नका, कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

उशिरा_उगवलेला

मी कौंटीत आहे, बेघर लोकांच्या प्रोग्रॅमचा डेटा बघतो. जानेवारीत भल्या पहाटे उठून रस्त्यावर आणि गाड्यांत झोपलेली माणसं मोजायची असतात, त्या मोजणीवर फेडरल पैसे येतात. कोणाला मोजायचं, गाडीत झोपलेला बेघर की नाही, एका आरव्हीत (राहण्याच्या मोठ्या गाडीत) किती माणसं धरायची, हे कोडिंगच्या पुस्तकात नाही सापडत भाऊ. पगार तुमच्याएवढा नाही, तेही खरंच.

बरं ताई, एक राहिलंच, टॅग. ट्रान्स्फर अ‍ॅडमिशन गॅरंटी. सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सांताक्रूझ. बर्कली, एलए, सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसचा टॅग भरता येतो, ठरलेला जीपीए आणि कोर्स पूर्ण केले की सीट नक्की. भरायची मुदत दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर, १ ते ३०, आणि डी अँझाचं फॉल क्वार्टर सुरूच होतं सप्टेंबरच्या शेवटाकडे, त्यामुळे मुलं सुट्टीच्या मूडमध्ये असतात आणि कॉलेज उघडून कौन्सेलरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मुदत टळलेली असते. ऑगस्टमध्येच तयारी करून ठेवा.

पेठेतले_मास्तर

मी पुण्याहून, बत्तीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, तुमच्या कम्युनिटी कॉलेजचं मला काही ठाऊक नाही. बाबांसाठी दोन शब्द लिहितो. आपल्याकडे हा बी.ए.चा सोपा विषय समजतात, गाईड वाचून पास. पण मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, पुढे तो घुर्ये सरांनी वाढवला, एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. इकडे डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे होत्या, त्या वारीत चालत गेल्या त्याही अभ्यासकाच्या नजरेने. आणि बाबासाहेबांनी जातीवरचा तो निबंध १९१६ साली तुमच्या अमेरिकेतच वाचला, कोलंबियाला. तेव्हा मुलगी काही परक्या घरात जात नाहीये.

आणि ताई, हळदीकुंकवाला तुम्ही तिळाच्या वड्यांवर गेलात ना, त्यावर एक पेपर होईल. कुणाला बोलावतात, कुणाला नाही (आमच्या आईला वडील गेल्यावर कुणी बोलावलं नाही), आणि तिथे मुलांच्या कॉलेजची नावं वाणासारखी कशी वाटली जातात. मुलीला सांगा, विषय घरातच आहे.

एचफोर_कथा

व्हिसाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मुलं एच फोरवर (आईवडिलांच्या एच वन वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) असतील तर नीट ऐका. एच फोरवर कॅलिफोर्नियात इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी मिळू शकते, फेडरल एड, म्हणजे सरकारी आर्थिक मदत, मात्र नाही. पण २१ पूर्ण झाली की एच फोर संपतो. आणि कम्युनिटी कॉलेजच्या रस्त्यात यूसीला पोचतानाच मुलं वीसची असतात, म्हणजे ज्युनियर इयरमध्येच (तिसऱ्या वर्षी) एकविसाव्याचा केक कापायचा आणि एफ वनच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या, मागे लागायचं. एफ वनवर रेसिडेन्सी धरत नाहीत, बाहेरच्यांची जादाची फी वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे दोन वर्षांत वाचवलेलं बरंचसं पाण्यात. आमच्याकडे हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, सगळे आपले जीपीए बघत बसले. अशा घरांनी यूसीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ट्रान्स्फरच्या आधीच लेखी विचारून घ्यावं.

सनीव्हेलची_आई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आमचं ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, तुमची पोस्ट वाचून देवापुढे साखर ठेवली. मास्तर, तुमचं लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली आजोबांचा ईमेल मिळेल का, आणि तुमच्या आईंचं वाचून मी थोडा वेळ गप्प बसले, आमच्याकडेही शेजारच्या काकूंना बोलावलं नव्हतं, मी कधी विचारही केला नव्हता त्याचा.

काल रात्री जेवणं झाल्यावर असिस्ट उघडलं. खरंच बर्कलीचं वेगळं, एलएचं वेगळं, डेव्हिसचं तिसरंच. ती वहीत लिहून घेत होती, तेवढ्यात बाबा चष्मा लावून आले, "असं नाही करायचं" म्हणाले आणि एक्सेल उघडून बसले. सहा कॅम्पस, कॉमन कोर्सेस हिरवे, एकाच ठिकाणी लागणारे पिवळे. स्टॅटिस्टिक्स सगळीकडे हिरवं आलं. साडेबाराला लेक झोपायला गेली, हे अजून विन्टर आणि स्प्रिंगचे कॉलम जुळवत होते.

रथसप्तमीपर्यंत दोन घरची हळदीकुंकवं अजून बाकी आहेत. त्यातलं एक तिचंच आहे, जिने विचारलं होतं.

खडूस_कोडर

ती एक्सेल इथे टाका ना. माझा धाकटा नववीत आहे.