लिमिट होल्डेम: काठावरचे हात कधी खेळायचे, कधी टाकायचे?

रिव्हरकाठ

कॅलिफोर्नियातल्या कार्डरूममध्ये चालणाऱ्या ४/८ डॉलर लिमिट होल्डेमबद्दल (ठरलेल्या रकमेच्या बेटचा पोकर, हातात दोन पानं आणि टेबलावर पाच सामाईक) विचारतोय. टेबल नऊ जणांचं, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायचे पैसे) २ आणि ४. प्रीफ्लॉप (सामाईक पानांआधी) आणि फ्लॉपला (पहिली तीन सामाईक पानं) ४ची बेट, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं) ८ची. टेबल सैल आहे, पाच-सहा जण फ्लॉप बघतात, रेझ (बेट वाढवणं) क्वचितच होतं. मोठ्या जोड्या, एक्का-राजा यांचा प्रश्न नाही. अडतं ते इथे:

१) दुर्री ते छक्कीच्या जोड्या, सुरुवातीच्या जागेवरून (जिथे बाकीच्यांआधी बोलावं लागतं)
२) ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) राजा-गुलाम आणि एक्का-दश्शी, आधी कुणी रेझ केलेलं असताना
३) ७-६ सूटेड (एकाच चिन्हाचे), राणी-अठ्ठी सूटेड
४) स्मॉल ब्लाइंडमधून (२च्या लहान ब्लाइंडवरून) "अर्धीच तर बेट आहे" म्हणून कुठलीही दोन पानं

कुठले हात खेळावे याचा प्रत्येक तक्ता वेगळं सांगतो. ठरवायचं कशावरून?

किलवरसत्ती

तक्ते वेगळे आहेत कारण ते वेगवेगळ्या टेबलांसाठी केलेत. पानं बघायच्या आधी दोन गोष्टी बघा: आत किती जण येणार, आणि फ्लॉप एका बेटमध्ये बघायला मिळणार का.

जोड्यांचं गणित सरळ आहे. फ्लॉपवर सेट (जोडीचं तिसरं पान) लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे न लागण्याचं प्रमाण साडेसातास एक. ४ डॉलर घालून निव्वळ सेटच्या आशेवर खेळायचं तर लागल्यावर किमान ३० मिळायला हवेत. बाकी पाच जण आत असले तर २० आधीच समोर आहेत, उरलेले १० कुणी टर्नला एकदा कॉल केलं (बेट भरली) की जवळपास वसूल होतात. सेट लागूनही कधीकधी हरतो, त्यामुळे ३० वर थोडी शिल्लक सुटली पाहिजे, आणि अशा टेबलावर ती सुटते. चार-पाच जण नक्की येणार असतील तर दुर्रीची जोडीही पहिल्या जागेवरून लिंप करा (रेझ न करता नुसते ४ घालून आत या).

आता उलटं बघा. एकाने रेझ केलं, बाकी सगळे पडले, आणि तुम्ही ८ देऊन पंजीची जोडी घेऊन बसलात. लागतात ६०. रेझरचे ८ आणि ब्लाइंडचे ६ मिळून १४. फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्हीकडे त्याने कॉल केलं तर ४ + ८ + ८ = २०. एकूण ३४. लिमिटमध्ये समोरच्याचा सगळा ढीग एका फटक्यात ओढता येत नाही. नो-लिमिट, म्हणजे हवी तेवढी बेट लावता येणारा खेळ, शिकून आलेल्यांची (गोव्यातल्या कॅसिनोंत तेच जास्त चालतं) नेमकी इथे गल्लत होते.

राजा-गुलाम, एक्का-दश्शी ऑफसूट: सुरुवातीच्या जागेवरून घट्ट खेळणाऱ्याने रेझ केलं असेल तर विचार न करता टाका. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तुमची एक्का-दश्शी साधारण चारात एकदाच जिंकते. शिवाय एक्का लागला की तुम्ही हात सोडत नाही, आणि रिव्हरपर्यंत तेच २० डॉलर तुमच्या खिशातून जातात. रेझ नसेल, मागची जागा असेल, तर दोन्ही खेळण्याजोगे.

७-६ सूटेड आणि राणी-अठ्ठी सूटेड एका पंक्तीत बसवू नका. ७-६ ची दोन्ही पानं वापरून चार वेगवेगळ्या स्ट्रेट (सलग पाच पानं) होतात, राणी-अठ्ठीची एकच. तिथे राणी लागली तरी किकर (बरोबरी तोडणारं दुसरं पान) अठ्ठीचा. फ्लश ड्रॉ (एका चिन्हाची चार पानं, पाचवं हवं) फ्लॉपवर १०.९ टक्के वेळा येतो, दोघांनाही सारखाच. त्यामुळे ७-६ मधल्या जागेपासून, चार जण आत असताना. राणी-अठ्ठी फक्त बटनवर (फ्लॉपपासून शेवटी बोलणारी जागा), तीही पुढे चार-पाच लिंप असतील तर.

फ्लश ड्रॉ लागल्यावर नुसतं कॉल करत बसू नका. रिव्हरपर्यंत तो ३५ टक्के पुरा होतो. तीन कॉलर असतील तर फ्लॉपच्या बेटमध्ये तुमचा वाटा २५ टक्के. तिथे रेझ करायचं. हे न केल्याने सूटेड हातांचा बराच फायदा वाया जातो.

स्मॉल ब्लाइंड: चार लिंप असतील तर पॉट (मधे जमलेले पैसे) २२, तुम्हाला घालायचे २, म्हणजे अकरास एक. भाव उत्तम आहे. पण गुलाम-चौकी ऑफसूटला गुलाम लागला की पुढचे २० डॉलर सगळ्यांच्या आधी बोलून घालावे लागतात. सूटेड बहुतेक खेळा, जवळजवळची पानं खेळा, बाकीचे टाका. आणि तक्ता कुठल्या ब्लाइंडसाठी आहे ते तपासा: ३/६ मध्ये ब्लाइंड १ आणि ३ असले तर बेटचे दोन-तृतीयांश घालायचे, १५/३० मध्ये १० आणि १५ असले तर एक-तृतीयांशच.

मोजूनमापून

वरच्या हिशोबात ड्रॉप (कार्डरूम कापून घेते ते पैसे) राहिला. कॅलिफोर्नियात पॉटच्या टक्केवारीने पैसे कापता येत नाहीत, हाताला ठरलेली रक्कम घेतात. समजा ५ डॉलर.

बिग ब्लाइंडचं उदाहरण घ्या. बटनने रेझ केलं, स्मॉल ब्लाइंड पडला. पॉट १४, घालायचे ४. पुस्तकी हिशोबाने २२ टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याचा सरासरी वाटा) पुरते. पण तुमच्या कॉलनंतर पॉट १८ होतो आणि त्यातले ५ गेले की उरतात १३. आता लागते जवळजवळ ३१ टक्के. म्हणून मोठ्या लिमिटवर राजा-चौकी ऑफसूटने बटनविरुद्ध ब्लाइंड वाचवणं बरोबर असलं, तरी ४/८ ला ते सोडून द्यावं. सहा जणांच्या पॉटमध्ये हेच ५ डॉलर तितके टोचत नाहीत.

याच कारणाने अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या पोकर प्रोग्रामचा खेळ इथे आणू नका. २०१५ साली जाहीर झालेलं ते उत्तर दोघांच्याच लिमिट होल्डेमचं आहे, आणि त्यात ड्रॉप धरलेला नाही.

रिव्हरकाठ

जोड्या आणि ब्लाइंडचं पटलं. एक शंका: डावीकडे सारखं रेझ करणारा बसला असेल आणि तरी पाचही जण येणार असतील, तर प्रमाण तेच राहतं ना? मग ७-६ सूटेड किंवा चौकीची जोडी का टाकायची?

किलवरसत्ती

समोरच्या पैशांचं प्रमाण तेच राहतं, पुढे मिळणाऱ्यांचं नाही. जोडीला आता ६० हवेत, समोर ४०. पुढून आणायचे १० होते, ते २० झाले, आणि पुढच्या बेट मात्र होत्या तेवढ्याच आहेत. तेही मिळतील एक वेळ, पण दुसरीकडे खड्डा पडतो. मधलं एक पान शोधणाऱ्या गटशॉटला पुढच्या पानासाठी १०.७५ ला एक लागतात. रेझ नसलेला पॉट २४, त्यावर ४ची बेट आली की त्याला सातास एक मिळतात, त्याचा कॉल चुकीचा. रेझ झालेला पॉट ४८, बेट धरून ५२, म्हणजे तेरास एक. आता त्याचा कॉल बरोबर आहे आणि तुमच्या सेटच्या मागे चार जण हक्काने रिव्हरपर्यंत येतात.

असा माणूस डावीकडे असेल तर पहिल्या तीन जागांवरून दुर्री ते पंजीच्या जोड्या आणि ८-७ च्या खालचे सूटेड टाका. छक्कीची जोडी काठावर, पाच जण नक्की येणार असतील तरच. मागच्या जागेवर, त्याचं बोलून झालेलं असताना, आधीचेच नियम. जमलं तर जागा बदलून त्याच्या डावीकडे बसा.