मदत हवी आहे: कमिटी मीटिंगचं इतिवृत्त नेमकं किती लिहायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या इमारतीच्या सदनिकाधारक संघाची मी गेले पाच महिने सचिव आहे. निवडीच्या दिवशी वही-पेन घेऊन बसलेली मी एकटीच होते, एवढीच माझी पात्रता. आता त्याच वहीने घोळ घातलाय.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशनं आली होती. कमिटीत तासभर वादावादी झाली आणि शेवटी दुसऱ्या कंत्राटदाराला काम द्यायचं ठरलं. निदान मला तरी तसं वाटलं. मी लिहिलं, "गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. दुसरे कोटेशन योग्य वाटले." त्यावर खजिनदारांनी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊन टाकली. आता दोन सदस्य म्हणतात, काही ठरलंच नव्हतं, आमचा तर विरोध होता. वही उघडली, तर त्या दोन ओळी वाचून दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं!

आधीचे सचिव एकेका मीटिंगची नऊ-नऊ पानं लिहायचे. कोण कोणाला काय म्हणालं, कोणी आवाज चढवला, सगळं. मला ते नको वाटलं म्हणून मी आटोपशीर लिहायला लागले आणि ही वेळ आली. एक सदस्य म्हणतात, माझं बोलणं शब्दशः लिहा. अध्यक्ष म्हणतात, मागच्या, सही झालेल्या इतिवृत्तातलं एक वाक्य काढून टाका. शिवाय मी मोबाईलवर रेकॉर्डिंग करते (सगळ्यांना सांगून), ते किती दिवस ठेवायचं हेही कळत नाही.

कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. "आमच्याकडेही असंच असतं" एवढंच सांगायला येऊ नका, ते मला माहीत आहे. :)

जुना_खजिनदार:
वहिनी, घोळ कमी लिहिल्याचा नाही. नको ते गाळताना तुम्ही हवं तेही गाळलंत. इतिवृत्तात काय *झालं* ते लिहायचं, कोण काय *बोललं* ते नाही. हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ सालच्या सभाशास्त्राच्या पुस्तकापासून चालत आलेली ही रीत आहे. "चर्चा झाली" हा निर्णय नव्हे. निर्णय म्हणजे ठराव, आणि ठरावाला नेमके शब्द, सूचक, अनुमोदक आणि मतं लागतात.

मी एक सवय लावून घेतली होती. मतदानापूर्वी अध्यक्षांना थांबवायचं आणि ठराव मोठ्याने वाचून दाखवायचा. "हेच म्हणायचंय ना?" निम्मी भांडणं तिथेच मिटतात, आणि उरलेली निदान ठरावाच्या शब्दांवरून होतात.

वहीवाली:
शब्दशः लिहा म्हणणाऱ्यांना सांगा की ठरावाला विरोध असेल तर नावानिशी नोंदवते, भाषण नोंदवणार नाही. विरोध नोंदवून घेण्याला अर्थ आहे. उद्या त्या निर्णयावरून प्रश्न उठला तर "मी विरोधात होतो" याला तेवढाच पुरावा असतो.

आणखी एक. कंत्राटदार कुणाचा नातेवाईक असेल तर तो हितसंबंध उघड केल्याची, त्या सदस्याने मतदान न केल्याची आणि तेवढा वेळ बाहेर गेल्याची नोंद आवर्जून करा. तो बाहेर गेल्यावर गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) राहते का, तेही बघा. थकबाकीदारांची नावं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, वकिलांचा सल्ला हे सगळ्यांकडे फिरणाऱ्या प्रतीत नको. आमच्याकडे एकदा गेलं होतं. त्या आठवड्यात मी लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा केली.

जुना_खजिनदार:
अध्यक्षांच्या वाक्याबद्दल: कायम झालेल्या इतिवृत्तातून काहीही काढू नका. पान फाडायचं नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. चूक असेल तर पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव करा आणि तो त्या सभेच्या इतिवृत्तात येऊ द्या. जुन्या पानावर समासात फक्त "दुरुस्ती ठराव क्रमांक अमुक पाहा". पानांना क्रमांक आहेत ना? नसतील तर आजच घाला.

सही व्हायच्या आधी मात्र तो कच्चा मसुदाच असतो. चार-पाच दिवसांत सगळ्यांना पाठवा आणि पुढच्या सभेत दुरुस्त्या घेऊन कायम करा. कायम करणं म्हणजे नोंद बरोबर आहे असं म्हणणं, निर्णय पटला असं नव्हे. विरोध करणारे इथेच अडून बसतात.

धागाकर्ती:
वा, आता उजेड पडला. असं लिहिलं तर चालेल का?

"ठराव क्र. ४: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम सोबत जोडलेल्या कोटेशन क्र. २ नुसार देण्यात यावे. सूचक: ..., अनुमोदक: ... बाजूने ५, विरोधात २. ठराव बहुमताने मंजूर."

वहीवाली:
छान. पण करारावर सही कोण करणार, आगाऊ किती द्यायचे आणि उरलेली रक्कम कशावर द्यायची, हेही त्यातच येऊ द्या. नाहीतर पुढचा वाद तिथे. उपस्थित, अनुपस्थित, गणपूर्ती, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ वर-खाली असतेच. कोणी मध्येच उठून गेलं तर ती वेळही टिपा.

रेकॉर्डिंग फक्त तुमच्या मदतीला. इतिवृत्त कायम झालं की पुसा, आणि तसं करायचं हे कमिटीकडून आधीच ठरवून घ्या. मात्र तुमच्या नियमांत ते जपायला सांगितलं असेल किंवा वाद चालू असेल तर हात लावू नका. गच्चीचं तर अजिबात पुसू नका.

धागाकर्ती:
बरं झालं विचारलं, आज रात्री पुसणारच होते! मग हा ठराव जुन्या सभेच्या पानावर आता घालू का?

जुना_खजिनदार:
नाही नाही! त्या दिवशी तो मांडला गेला नव्हता, मतंही मोजली नव्हती, मग घालणार कुठून? मागची पानं जशी आहेत तशीच राहू द्या. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर स्पष्ट विषय घ्या: वॉटरप्रूफिंगचे काम देणे व दिलेल्या आगाऊ रकमेस कार्योत्तर (म्हणजे आधी झालेल्या गोष्टीला नंतर) मंजुरी. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात ढकलू नका, त्या दोघांना आधी कळलं पाहिजे. मंजूर झालं तर काम पुढे. फेटाळलं तर तेही आकड्यांसकट लिहा, आणि रक्कम परत मागण्याचं काम कोणावर सोपवलं तेही.

धागाकर्ती:
खजिनदारांना आता हे कोण सांगणार? मीच, अर्थात. विषयपत्रिका उद्याच काढते. तो विषय पहिला ठेवते, म्हणजे सगळे जागे असताना मतं मोजता येतील.