सासरे झाडीपट्टीत, आम्ही तोंड लपवत लिफ्टमध्ये

त्रिमूर्तीनगरची सून:
सासरे ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. सासूबाई जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून केस खांद्यापर्यंत, कानात भिकबाळी. भाऊबीज झाली की हार्मोनियम उचलून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाच्या एका नाटक मंडळीसोबत निघतात. आज या गावची मंडई (जत्रा), उद्या त्या गावचा शंकरपट (बैलांची शर्यत). रात्री दहानंतर पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. नाटक नसलं की अर्धी मंडळी आमच्या हॉलमध्ये पसरलेली आणि रात्री दोनला खसखस-खोबरं वाटून सावजी रस्सा! आम्ही दहाला दिवे मालवणारी माणसं. सकाळी ७ ला मिहानची (नागपूरचं उद्योगक्षेत्र) बस. मंडळीतल्या एक बाई (नायिकेच्या आईचं काम करतात) गेल्या महिन्यात आठ दिवस राहिल्या. लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, "पाहुण्या कुठल्या?" मला काही सुचेना. नवरा म्हणतो, बोलतो बाबांशी. दोन वर्षं झाली, बोलूनच राहिला आहे.

तर्रीवाला:
ताई, काऊन जीव जाळून राहिल्या? माणूस पेटी वाजवून राहिला, डाका नाही टाकून राहिला. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते पहिले सांगा.

त्रिमूर्तीनगरची सून:
बाबांच्या. मेंटेनन्स आम्ही भरतो.

तर्रीवाला:
मंग झालं न बाप्पा!

महालकर:
काय झालं? नाव कागदावर असतं, झोप सगळ्यांची मोडते. घरात लेकरू असेल तर त्याने काय करावं? झाडीपट्टीच्या कलेबद्दल आदर आहे, लहानपणी बैलबंडीतून जाऊन नाटकं पाहिलीत. पण तिथे मंडळी नाटक संपवून आपापल्या मुक्कामी जायची, कोणाच्या सुनेच्या ओट्यावर नाही.

काळा कोट:
कोरडी बाजू सांगतो. घर स्वकष्टार्जित असेल तर मुलाचा त्यात हक्क नाही. मुलं छळतात म्हणून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बाप अर्ज करू शकतो. बापाच्या पाहुण्यांविरुद्ध मुलाने करायचा अर्ज माझ्या तरी पाहण्यात नाही.

महालकर:
कायदा कोणी विचारला? त्या बाई कोण, हेच सगळ्यांना विचारायचं आहे अन् कोणी विचारून नाही राहिलं.

तर्रीवाला:
असल्या तर असल्या! ६१ व्या वर्षी बुढ्याले संगत नको का?

त्रिमूर्तीनगरचा मुलगा:
वरच्या बाईंचा नवरा. बायकोने दाखवलं म्हणून आलो. त्या बाईंचं मला काही नाही. नववीत माझा तबल्याचा क्लास बाबांनी बंद केला होता. गणपतीत साडेनऊला घरी आलो तर कानाखाली बसली होती. आता तेच पहाटे येतात आणि मी दार उघडतो. बोलायचं ते हे आहे, रस्स्याचं नाही. परवा म्हणाले, आमचा तबलजी सुटला, शनिवार-रविवार येतोस का? मी गप्प बसलो. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

तर्रीवाला:
भाऊ, शुक्रवारी मिहानहून सरळ वडसा!

महालकर:
अन् सोमवारी सात वाजता बसमध्ये कोण बसन?

त्रिमूर्तीनगरची सून:
वाचलं. तबला माळ्यावर आहे. लग्नाच्या सामानात आला तेव्हा मला वाटलं होतं, बाबांचा असेल.