कॉकाटीलला रोज किती झोप हवी? मला घरी यायलाच रात्रीचे नऊ वाजतात

हळदीची आई, डोंबिवली

नमस्कार. माझ्याकडे अडीच वर्षांची ल्युटिनो, म्हणजे पिवळसर-पांढऱ्या रंगाची, कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट) मादी आहे. तिचे नाव हळदी. मी फोर्टमध्ये नोकरी करते. सकाळी ७.२० ला घर सोडते आणि परत येईपर्यंत रात्रीचे पावणेनऊ-नऊ होतात. आमचे घर एका बेडरूमचे आहे. बेडरूममध्ये सासू-सासरे झोपतात, आम्ही दोघे हॉलमध्ये झोपतो, आणि हळदीचा पिंजराही हॉलमध्येच, टीव्हीपासून चार-पाच हातांवर आहे. टीव्ही साडेदहाला बंद होतो, पण आमची जेवणे, भांडी आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी आटोपून दिवे मालवायला साडेअकरा वाजतात. सकाळी सहाला कुकरची पहिली शिटी होते. म्हणजे तिच्या वाट्याला अंधार येतो तो जेमतेम साडेसहा तासांचा.

गेल्या काही महिन्यांत तिचे वागणे बदलले आहे. दिवसभर ती डुलक्या घेते असे सासूबाई सांगतात. रात्री मी तिला हातावर घेतले की आधी मान पुढे करते आणि दुसऱ्याच क्षणी बोटाला कडाडून चावते. नर नसताना आठ महिन्यांत तीनदा अंडी घातली, शेवटच्या वेळी पाच. दोनदा मध्यरात्री पिंजऱ्यात अशी फडफडली की पंखाचे एक वाढते, रक्त भरलेले पीस मोडले.

दुपारच्या डुलक्यांनी रात्रीची झोप भरून निघते का, आणि पिंजऱ्यावर कापड टाकणे पुरेसे आहे का, हे मला विचारायचे आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. तिला संध्याकाळी साडेसातला झोपवले, तर माझी आणि तिची भेट उरते ती सकाळच्या वीस मिनिटांची. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला झोप मिळावी म्हणून एकटे पाडणे योग्य आहे का? मी घरात पाऊल टाकले की ती जी शीळ घालते, ती ऐकल्यावर तिच्यावर कापड टाकायला माझा हात धजत नाही.

जुना पक्षिपालक, कोल्हापूर

ताई, मी पंधरा वर्षे कॉकाटील आणि लव्हबर्ड सांभाळतो आहे, तेव्हा अनुभवावरून सांगतो. या पक्ष्यांना रोज सलग दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. मुंबईकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. म्हणजे बाहेरची रात्र जवळपास पावणेअकरा तासांपेक्षा लहान कधीच होत नाही. तुमच्या हॉलमध्ये मात्र बाराही महिने ती साडेसहा तासांचीच आहे. दुपारी पंख फुगवून, एका पायावर उभे राहून थोडे पेंगणे हे निरोगी पक्ष्याचेही लक्षण आहे, परंतु त्या डुलक्या रात्रीची जागा घेत नाहीत.

कापड उजेड अडवते, आवाज अडवत नाही. टीव्हीवर कोणी ओरडले की कापडाखालचा पक्षी जागाच होतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. पक्षी एक डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने झोपू शकतात. जिथे धोका वाटतो तिथे ते तसेच झोपतात, आणि ती विश्रांती पूर्ण नसते. म्हणून झोपण्यासाठी दुसरा लहान पिंजरा घ्या. त्यात एक दांडी, पाण्याची वाटी आणि थोडे दाणे एवढेच असावे, खेळणी किंवा घंटा नको. तो बेडरूमच्या कोपऱ्यात, उंचावर, एक बाजू भिंतीला लागून ठेवा. सुती कापड तीन बाजूंनी टाका आणि चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवा, कारण डोंबिवलीच्या दमट हवेत पूर्ण झाकलेला पिंजरा कोंदतो.

मध्यरात्रीच्या फडफडीबद्दल सांगायचे तर कॉकाटील त्यासाठी प्रसिद्धच आहेत, आणि ल्युटिनो पक्षी अधिक घाबरतात असा आम्हा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. गडद अंधारात पाल सरकली, खाली गाडीचा हॉर्न वाजला, तरी पक्षी दचकून उडतो आणि दांडी दिसत नसल्याने गजांवर आपटतो. यासाठी खोलीत अगदी मंद झिरोचा दिवा असावा, तोही पिंजऱ्यापासून दूर, म्हणजे झोप मोडणार नाही पण तिला बसायची जागा दिसेल. आणि कृपा करून त्या खोलीत डासांची कॉइल किंवा मशीन लावू नका. पक्ष्यांची फुप्फुसे धुराला आणि वाफांना फार नाजूक असतात. खिडकीला जाळी लावा, पिंजऱ्यावर मच्छरदाणी सोडा. शांतता मिळते म्हणून काही जण रात्री पिंजरा स्वयंपाकघरात नेतात. तेही करू नये, कारण नॉनस्टिक भांडे जास्त तापले तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

रात्रपाळी, हिंजवडी

माझे मत थोडे वेगळे आहे. पक्ष्याचा दिवस सूर्याबरोबरच उगवला पाहिजे असे नाही. माझी पाळी दुपारी सुरू होऊन रात्री साडेदहाला संपते. माझा सन कन्यूर (पिवळ्या-केशरी रंगाचा पोपट) रात्री साडेअकराला झोपतो आणि सकाळी साडेदहाला उठतो, आणि दोन वर्षे त्याची तब्येत उत्तम आहे. पण त्यासाठी त्याला स्वतंत्र खोली आहे, खिडकीला जाड काळा पडदा आहे आणि सकाळी त्या खोलीत कोणीही पाऊल ठेवत नाही. तुमच्या घरी सहाला कुकर, त्याआधी कावळे, पाण्याची मोटर, दूधवाला. तिथे रात्र पुढे ढकलली तर सकाळ पुढे सरकणार नाही, फक्त झोप तेवढी कापली जाईल. म्हणून तुमच्या बाबतीत मी स्वतः जे केले ते सुचवत नाही.

एक चूक मात्र मी केली होती, ती सांगतो. सुटीच्या दिवशी मी त्याला रात्री एक-दीडपर्यंत आमच्यात बसवायचो आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठवायचो. पुढचे दोन-तीन दिवस तो किंचाळत असे, आणि आम्ही अन्न बदल, खेळणी बदल असे उपाय करत बसलो. वेळ कोणतीही ठरवा, पण रविवारीही तीच पाळा.

पक्षिवैद्य, पुणे

वरील सल्ला योग्य आहे. अंड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला या प्रश्नात तीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

पक्ष्यांना उजेड केवळ डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश त्यांच्या मेंदूतील पेशी थेट टिपतात. त्यामुळे डोळे मिटून बसलेल्या पक्ष्यासाठीही दिवा लावलेला हॉल हा दिवसच असतो. साडेसतरा तासांचा दिवस, वर्षभर भरलेली दाण्यांची वाटी आणि पाठीवरून हात फिरवणारे आवडते माणूस, हे सगळे मिळून मादीच्या शरीराला विणीचा हंगाम आल्याचा संदेश देतात. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्या हाडांतून जाते. ते कमी पडले की हाडे ठिसूळ होतात, अंडे मऊ कवचाचे होते किंवा अडकते, आणि अडकलेल्या अंड्याने पक्षी एका दिवसातही दगावू शकतो. तेव्हा आधी तिला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन तपासून घ्या. घरी समुद्रफेस, म्हणजे कटलबोन, कायम लावलेला असू द्या. कुरवाळायचे ते डोक्यावर आणि मानेवर, पाठीवर नाही. कापडी झोपडी किंवा खोके पिंजऱ्यात ठेवू नका, कारण तिला ते घरट्यासारखे वाटते. पुन्हा अंडी घातलीच तर लगेच उचलू नका. उचलली की ती भरपाई म्हणून आणखी घालते. सुमारे तीन आठवडे बसून कंटाळली की ती स्वतःच सोडून देते, मग काढा.

अशा मादीला मी बारा तासांहून थोडी मोठी रात्र सुचवतो, काही आठवडे चौदा तासांपर्यंतही. तुम्हाला ते जमणार नसेल तर अकरा तासांच्या खाली मात्र जाऊ नका, आणि ते तास सलग असावेत. २०२० साली बजरीगरांच्या (लहान पोपटांच्या एका जातीच्या) झोपेचा मेंदूतील विद्युत-नोंदींवरून अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे रेम झोप एकूण झोपेच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि माणसांप्रमाणेच रात्र सरते तशी ती वाढत जाते. सतत उजेडात ठेवलेल्या पक्ष्यांची झोप मात्र बिघडते. म्हणून पहाटेचे तास कापले जाणे हे मला उशिरा झोपण्याइतकेच वाईट वाटते.

तुमच्या खऱ्या अडचणीचे उत्तर मी असे देईन, की वेळ द्या, पण तो तिच्या दिवसातला द्या. थव्यातले पक्षीही रात्री एकमेकांशी खेळत नाहीत. त्यांचा गलबला असतो तो उजाडताना आणि मावळतीला. तुम्ही सकाळची बाजू घ्या आणि मावळतीची बाजू घरातल्या कोणाकडे तरी सोपवा. एक खूण लक्षात ठेवा: दिवसा दोन्ही पाय टेकून, पंख फुगवून, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी झोपाळू नसून आजारी असतो. तेव्हा वाट पाहू नका.

हळदीची आई, डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही ठोस झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

लहान पिंजरा बेडरूममध्ये ठेवला आहे. सासूबाई तिला सात वाजता थोडा वेळ खांद्यावर घेतात आणि साडेसातला आत नेऊन कापड टाकतात. सासरे टीव्हीचा आवाज कमी ठेवतात. साडेदहाला दोघे झोपायला जातात तेव्हा मोठा दिवा लावत नाहीत. मी डब्याची तयारी रात्रीच पूर्ण करते आणि कुकर साडेसहानंतर चढवते. साडेसहाला हळदी उठते, म्हणजे अकरा तास झाले. त्यानंतर ७.२० पर्यंत ती माझ्याबरोबर असते: मी कणीक मळते, ती ओट्यापासून दूर, खिडकीतल्या दांडीवर बसून कोथिंबिरीची काडी सोलते.

पहिले आठ-दहा दिवस मला फार जड गेले. रात्री दार उघडले की घर शांत असायचे. पण तिचे चावणे तिसऱ्या आठवड्यापासून कमी झाले, दुपारी ती आता एकदाच पेंगते आणि मंद दिवा लावल्यापासून रात्रीची फडफड एकदाही झाली नाही. डॉक्टरांनी तपासले, कॅल्शियम कमी निघाले, औषध चालू आहे. अंडी अजून नाहीत, मात्र सहा आठवड्यांवरून त्याबद्दल काही म्हणता येणार नाही हे मला कळते.

आता एकच काळजी आहे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. हॉलमध्ये आरत्या, रात्री अकरापर्यंत पाहुणे, खाली मंडळाचा ढोल. तिला त्या दिवसांत अंबरनाथला बहिणीकडे ठेवू का?

जुना पक्षिपालक, कोल्हापूर

बहिणीकडे घर शांत असेल तर ठेवा, पण एकदम पाच दिवसांसाठी नेऊ नका. आधी एखाद्या शनिवारी झोपण्याचा पिंजरा, तेच कापड आणि तोच मंद दिवा घेऊन एक रात्र तिथे काढून पाहा, आणि त्या रात्री तुम्ही स्वतः तिथे थांबा. ती शांत झोपली तर गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी, दिवसाउजेडी, न्या. बहिणीला साडेसात आणि साडेसहा या दोन्ही वेळा लिहून द्या.